निःसंतान

पाकीट आलं तेव्हा मी डबा खात होते.
कबरस्तानाच्या कचेरीत पंखा आहे, वीज नव्हती.
संत्र्याच्या साली बाजूला सारल्या
आणि विलायतेहून आलेली वंशावळ
टेबलावर उलगडली. टेबल पुरेना.

मधोमध सर अँब्रोज थॉर्नली,
पार्लमेंटचे सभासद, अठराशे सहा ते अठराशे बत्तीस.
मतदारसंघात एक ओढा, एक मोडकी पवनचक्की,
मतदार तेरा.
आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाला बावीस मतं पडतात,
अन् तिथं डोकी फुटतात, राजेहो.

सव्वीस वर्षांत सभागृहात ते सात वेळा बोलले.
चारदा गव्हाच्या जकातीवर,
दोनदा, खिडकी लावून घ्या, थंडी वाजते,
आणि एकदा, पत्र लिहिणारी बाई कौतुकानं कळवते,
त्यांनी नागपूरचं नाव घेतलं.
काय म्हणाले ते नोंदलेलं नाही.
पुढं फक्त कंसात : हशा.

बायको ल्यूसिंडा. अकरा बाळंतपणं.
तिच्या नावाखाली तारखाच तारखा,
मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.
थोरल्याला घर मिळालं, दुसऱ्याला चर्च,
तिसऱ्याला उरलेलं जग.
तिसरा थिओफिलस. टाकळीच्या छावणीत
मे अठराशे एकवीस, पटकी, वय चोवीस.
पुढं एकच शब्द, वळणदार अक्षरात :
निःसंतान.

बाईंना फोटो हवा होता.
शेजारच्या कबरी येऊ नयेत, फ्रेम छोटी आहे.

दुलिचंदनं घाणेरीची झुडपं तोडली,
मी खराट्यानं दगड घासला.
हा दगड बापानं धाडलेला :
जहाजानं कलकत्ता, नावेनं मिर्झापूर,
मग सिवनीच्या घाटात बैल बदलत बदलत
पोचेतो पोरावर चार पावसाळे होऊन गेलेले.
बापाचं नाव वीतभर अक्षरात.
मुलाचं त्याखाली, बोटभर.

आणि तिथंच, दोन हातांवर,
पाटा म्हणून कोणी उचलून नेला नाही
एवढाच आपला काळा दगड.
कोरा.

रजिस्टरचं ते पान वाळवीनं निम्मं सोडलं होतं.
फेब्रुवारी अठराशे बावीस. मुलगी. अकरा महिने.
बाप : टी. थॉर्नली, मयत.
आई : भागा, कोष्टीण, राहणार पाचपावली.
नाव : जागा मोकळी.
खड्ड्याची मजुरी सव्वा रुपया, आईनं दिली.
कापडाचा खर्च नाही. आईनं घरून आणलं.

मी दोनदा वाचलं.
मागावरून उतरवलेलं असेल, किनार न लावता,
की लुगड्यासाठी ताणलेला ताणा
मधेच कापला असेल तिनं?
मी काही कोष्ट्यांची नाही, मला कळत नाही.
पण फेब्रुवारी म्हणजे तोच महिना
ज्यात सर अँब्रोज दुसऱ्यांदा उठले
आणि म्हणाले, खिडकी लावून घ्या.

अकरा महिने ते आजोबा होते.

फोटो मी थोडा लांबून काढला.
उन्हात दोन्ही दगड आले, दुलिचंदचा पायही आला.
वंशावळीत पेन्सिलनं
त्या वळणदार शब्दाला न खोडता
खाली एक रेघ ओढली, करंगळीएवढी,
आणि टोकाला काय लिहावं म्हणून
दुपार घालवली.
शेवटी लिहिलं : भागाची.

पोस्टात रांग. खिडकीतल्या पोरानं विचारलं,
"आत काय?"
"कागद."
"किंमत किती लिहू?"
"सव्वा रुपया."
"एवढी कमी चालत नाही, मॅडम."

मग तूच लिही ना बाप्पा, म्हटलं,
तुला जी चालते ती.